म्युझियम टाऊनमध्ये आहे, पण त्यातली मुंबई आपल्या स्टेशनांवरची आहे

मुंबई, ठाणे, वसई-विरार आणि नवी मुंबईतल्या शाळांचे मुख्याध्यापक, मुख्याध्यापिका आणि सहलीचं काम अंगावर घेणारे सर्व सर व बाई यांस,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीनंतर शाळा उघडल्या की सहलीच्या सूचना निघतील. जागेचं नाव, माणशी वर्गणी, संमतीपत्र परत आणायची शेवटची तारीख. अलीकडे जागेच्या नावापुढे बहुतेक वेळा एखादं वॉटर पार्क असतं, नाहीतर कर्जत-पनवेलकडचा रिसॉर्ट. मुलांनी पाण्यात डुंबावं, घसा बसेपर्यंत ओरडावं, दुपारी पोटभर जेवावं, याला माझा अजिबात विरोध नाही. वर्षातून एक दिवस तसाही हवाच. माझी विनंती एवढीच आहे, की यंदा सातवी ते नववीपैकी निदान एका इयत्तेची एक सहल मुंबईतल्या म्युझियमला किंवा कलादालनाला न्या. नेताना एकाच ठिकाणी न्या, अर्धा दिवस तिथेच थांबा आणि प्रत्येक मुलाच्या हातात वही-पेन्सिल द्या.

मी उपनगरातल्या एका मराठी शाळेत चित्रकला शिकवते. सहलीचे हिशेब, हजेरी, उलट्या होणारी मुलं, उशीर झाल्यावर येणारे पालकांचे फोन, हे सगळं मी केलं आहे. त्यामुळे हे पत्र घरबसल्या सल्ला देणाऱ्याचं नाही, एवढं कृपया धरून चला.

म्युझियम आपल्या सहलींत नसतंच असं नाही. 'मुंबई दर्शन' म्हटलं की ते यादीत असतं. सकाळी गेटवे, मग म्युझियम, मग राणीची बाग, नेहरू सायन्स सेंटर आणि संध्याकाळी चौपाटी. म्युझियमच्या वाट्याला पाऊण तास येतो. दोन-दोनच्या रांगेत मुलं एका दारातून आत जातात आणि दुसऱ्या दारातून बाहेर पडतात. पुढे मॉनिटर, मागे पीटीचे सर, आणि त्या पाऊण तासात मुलांच्या कानावर पडणारी वाक्यं तीनच: हात लावू नका, बोलू नका, पुढे चला. बाहेर आल्यावर काय पाहिलं विचारलं, की उत्तर येतं 'मूर्त्या' आणि 'भुसा भरलेले प्राणी'. मुलांना बोल लावण्यात अर्थ नाही. हजार-दोन हजार वर्षांपूर्वीच्या दगडासमोरून न थांबता चालत गेल्यावर मोठ्या माणसाच्या मनातही काही उतरत नाही.

पण घाईपेक्षाही मोठी अडचण मला दुसरीच दिसते. आपल्या मुलांना म्युझियम परकं वाटतं. ते टाऊनमध्ये, म्हणजे दक्षिण मुंबईत आहे, त्याला घुमट आहे, हिरवळ आहे, दारात परदेशी पाहुणे उतरतात. विरारच्या, टिटवाळ्याच्या, मानखुर्दच्या मुलाला ते दुसऱ्या कुणाचं तरी घर वाटतं आणि तो आत शिरताना अंग चोरून शिरतो. आत ठेवलेलं कितीतरी त्याच्याच स्टेशनाच्या आसपासचं आहे, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. ते सांगायचं काम आपलं आहे, आणि मला वाटतं सगळी सहल त्या एका गोष्टीवर उभी करता येते.

विरार लोकलने येणाऱ्या शाळांपासून सुरुवात करते. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, म्हणजे जुन्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा एक तुकडा आहे. तो सोपाऱ्याचा आहे. नालासोपारा स्टेशनच्या पश्चिमेला रिक्षा जाते तेच सोपारा, एके काळचं शूर्पारक बंदर. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तिथल्या बुरूड राजाच्या कोटात खोदकाम करून बौद्ध स्तूप उघडा केला. अशोकाच्या लेखाचा तुकडा सोपाऱ्यात मिळाला तोही त्याच साली. पुढे १९५६ साली जवळच्या भुईगावात आणखी एक तुकडा सापडला. अशोकाचे मोठे शिलालेख चौदा, त्यांतल्या आठव्याचे आणि नवव्याचे अंश सोपाऱ्याने जपून ठेवले होते. यातला आठवा लेख आपण सहल काढणाऱ्यांनी तर मुद्दाम वाचावा असा आहे. पूर्वीचे राजे मौजेच्या यात्रेला निघत, शिकार करत, मन रमवत, आणि राज्याभिषेकानंतर दहा वर्षांनी मी बोधिवृक्षाच्या दर्शनाला गेलो, तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाल्या, असं त्यात अशोक सांगतो. त्या यात्रांमध्ये तो वृद्धांना भेटे, दान देई, खेड्यापाड्यांतल्या लोकांशी बोले. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी एका राजाने प्रवास कशासाठी करायचा याचा विचार केला आणि तो दगडावर कोरून आपल्या किनाऱ्यावर ठेवला, हे नालासोपाऱ्याच्या आठवीतल्या मुलीला कळलं तर ती त्या दगडासमोरून 'पुढे चला' म्हटल्यावर हलेल, असं मला वाटत नाही.

त्या दगडावरची लिपी ब्राह्मी. मुलांना ती अगोदर वर्गात फळ्यावर दाखवा, अर्ध्या तासाचं काम आहे. 'क' म्हणजे अधिकचं चिन्ह, 'ग' म्हणजे घराचं उतरतं छप्पर, 'ठ' म्हणजे पूर्ण गोल, 'ट' म्हणजे अर्धा गोल. आपला 'ठ' अजूनही पोटात गोल घेऊन उभा आहे, 'ट'चा बाकही गेलेला नाही. एवढी चार अक्षरं डोक्यात घेऊन गेलेली मुलं दगडावर त्यांची शोधाशोध करतात. 'बाई, हा बघा क!' अशी पहिली आरोळी उठली, की रांग आपोआप मोडते आणि सगळ्या माना एका ठिकाणी गोळा होतात. अशी रांग मोडली तर मोडू द्या.

मध्य रेल्वेवाल्यांनाही याच इमारतीत त्यांचं काहीतरी आहे. खुद्द इमारतच पाहा. तिच्यात कुर्ल्याचा दगड आहे. तिच्यात आपला काळानिळा बसाल्टही आहे, जो घाटात, किल्ल्यांवर आणि जुन्या वाड्यांच्या जोत्यात सगळीकडे दिसतो. पायाभरणी ११ नोव्हेंबर १९०५ रोजी झाली, जॉर्ज विटेट या वास्तुविशारदाने आराखडा केला, १९१४ साली इमारत उभी राहिली आणि लगेच पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांचं रुग्णालय झाली. सामान्य माणसाला ती खुली झाली ती १० जानेवारी १९२२ रोजी. मधल्या दालनात लाकडी कमानी आहेत, त्या नाशिककडच्या एका वाड्यातून आणल्या आहेत. मुलांना तिथे वर बघायला सांगा, कारण बहुतेक जण खालच्या काचेच्या पेट्यांकडेच बघत जातात. याच विटेटने गेटवे ऑफ इंडिया बांधलं आणि समोरच्या रस्त्यापलीकडचा सर कावसजी जहांगीर हॉलही त्याचाच. एका माणसाने आखलेल्या तीन इमारती चालत पाहता येतात. भूमितीच्या सरांनी सोबत यावं, कमानी आणि घुमट मोजायला भरपूर आहेत.

परळ, लालबाग, शिवडीच्या शाळांसाठी तर काम आणखी सोपं आहे. १९३१ साली परळ-शिवडीच्या बाजूला रस्त्याचं काम चालू असताना जमिनीतून एक प्रचंड शिळा निघाली. सहाव्या शतकाच्या आसपासची, पुरुषभर उंचीच्या दुप्पट. मधोमध उभा शिव, त्याच्यातून वर निघणारा दुसरा, त्याच्याही वर तिसरा, आणि दोन्ही बाजूंना फांद्या फुटाव्यात तशा निघालेल्या आकृत्या. खाली वाद्यं वाजवणारे गण. ती शिळा आज परळच्या बारादेवी मंदिरात आहे, पूजेत आहे. म्युझियमसाठी तिची प्लास्टरची प्रतिकृती करून घेतलेली आहे. मूर्तिकलेवर लिहिणाऱ्या जगभरच्या अभ्यासकांना ही शिळा माहीत आहे आणि मंदिराशेजारच्या गल्लीत क्रिकेट खेळणाऱ्या मुलाला माहीत नाही. परळच्या शाळेला बसभाडंसुद्धा लागणार नाही. पुजारीबुवांना आधी विचारून, चपला बाहेर काढून, वीस-वीस मुलांनी शांतपणे दर्शन घ्यावं आणि बाहेर पायरीवर बसून आठवेल तेवढं काढावं. आपल्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांतल्या स्मरणचित्राला याहून चांगला सराव मला माहीत नाही.

उल्हासनगर आणि चेंबूरच्या शाळांतल्या बाईंना मुद्दाम एक सांगते. म्युझियममध्ये मीरपूर खासच्या बौद्ध स्तूपाच्या भाजलेल्या मातीच्या मूर्ती आहेत. ध्यानस्थ बुद्ध, हातात कमळ घेतलेला एक उपासक. मीरपूर खास सिंधमध्ये, आणि १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्याचा भाग होता, म्हणून त्या इथे आल्या. फाळणीनंतर सिंध सोडून छावण्यांत उतरलेल्या कुटुंबांची पणतवंडं तुमच्या वर्गात आहेत. पणजोबांच्या मुलखातली माती मुंबईत आहे, ती त्यांच्याही आधी इथे पोचली होती, हे त्या मुलांना समजलं पाहिजे.

आता भायखळ्याकडे वळते, कारण माझा जीव खरं तर तिथे जास्त रमतो. राणीच्या बागेत आपण सगळेच जातो. हल्ली पेंग्विन बघायला झुंबड असते. पण बागेच्या दाराशीच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, मुंबईतलं सगळ्यात जुनं, २ मे १८७२ रोजी लोकांसाठी खुलं झालेलं, तिकडे वळून न बघता मुलांच्या रांगा सरळ प्राण्यांकडे जातात. १९७५ साली या संग्रहालयाला भाऊ दाजींचं नाव दिलं. भाऊ कोण होते हे सातवीच्या वर्गात दहा मिनिटांत सांगता येतं. गोव्यातून मुंबईला आलेला गरीब घरचा मुलगा, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या अगदी पहिल्या तुकडीतून डॉक्टर झाला, गोरगरिबांना औषधं दिली आणि त्याच वेळी अजिंठ्याच्या लेण्यांतले संस्कृत लेख उतरवून वाचले. वर ज्यांचं नाव आलं ते भगवानलाल इंद्रजी हे भाऊंनीच जुनागडहून बोलावलेले. भाऊंनी त्यांना पदरमोड करून देशभर पाठवलं, शिलालेखांचे ठसे घ्यायला लावले. म्हणजे सोपाऱ्याच्या दगडाचा धागा भायखळ्यापर्यंत येतो. या संग्रहालयासाठी पैसा उभा करणाऱ्यांत जगन्नाथ शंकरशेट होते. ही सगळी आपल्या पाठ्यपुस्तकातलीच नावं आहेत, पण पुस्तकात ती एकेका ओळीत सुटी सुटी येतात.

संग्रहालयाच्या बाहेर एक दगडी हत्ती उभा आहे. तिकीट काढण्याआधी मुलांना तिथे बसवा. हा घारापुरीचा हत्ती. पोर्तुगीजांनी त्या बेटाला 'एलिफंटा' नाव दिलं ते याच्यावरून. १८६४ साली इंग्रजांनी तो इंग्लंडला न्यायचं ठरवलं. उचलताना क्रेनने दगा दिला, हत्ती पडला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे मग या बागेत आणून टाकले आणि पुढे १९१४ साली ते जुळवून हत्ती पुन्हा उभा केला. जवळ जाऊन पाहिलं तर जोडांच्या रेषा दिसतात.

आमच्या वर्गातला एक मुलगा, एरवी चित्राच्या तासाला खिडकीतून बाहेर बघणारा, या हत्तीसमोर बराच वेळ बसला होता. त्याने हत्ती काढलाच नाही. वहीभर नुसत्या रेषा काढल्या, वाकड्यातिकड्या, एकमेकींना मिळणाऱ्या. मी विचारलं, तर म्हणाला, 'बाई, हत्ती सगळ्यांनी काढलाय. मी तो कुठे कुठे तुटला ते काढलं.' त्या मुलाला मी तोवर 'चित्रकलेत गती नाही' असाच शेरा ऐकत आलेला विद्यार्थी म्हणून ओळखत होते. पुढे विज्ञानाच्या बाईंनी त्याच वहीवरून क्रेन, वजन आणि भार कुठे येतो यावर एक अख्खा तास घेतला.

आत गेल्यावर फार फिरू नका. खालच्या मजल्यावरच्या कारागिरीच्या वस्तूंतली एखादी पेटी आणि वरच्या मजल्यावरच्या मातीच्या छोट्या बाहुल्या, एवढं पुरे. या बाहुल्यांत जुन्या मुंबईतले आणि इलाख्यातले लोक आहेत, त्यांचे धंदे आहेत, पगड्या-पागोटी आहेत, नेसायच्या तऱ्हा आहेत. मुलींना नऊवारीचा काष्टा बघायला सांगा, मुलांना पगड्यांचे प्रकार मोजायला सांगा. आपल्या आजीचं किंवा पणजोबांचं नेसणं त्यांना तिथे सापडतं. मुंबई सात बेटांची होती हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं. जुने नकाशे समोर ठेवून 'आपली शाळा यात कुठे येईल' असा प्रश्न टाका. कुणाची शाळा पाण्यात निघते, कुणाची खाजणात, कुणाची नकाशाच्याही बाहेर. बाहेरच्या आवारात चौकाचौकांतून हलवून आणलेले इंग्रज अधिकाऱ्यांचे पुतळेही आहेत. आठवी-नववीच्या मुलांशी त्यावर बोलण्यासारखं खूप आहे.

हे संग्रहालय मुंबई महानगरपालिकेचं आहे. महापालिकेच्या शाळाही महापालिकेच्याच. पालिका शाळांच्या मुख्याध्यापकांना मी हात जोडून सांगते, की ही तुमच्या मुलांची घरची वास्तू आहे. भायखळा स्टेशनच्या पूर्वेला उतरून चालत जाता येतं. पालिकेच्या शिक्षण विभागाने आणि संग्रहालयाने मिळून ठरवलं, तर पालिकेची एकही सातवी हे संग्रहालय न पाहता शाळेबाहेर पडणार नाही. हे का ठरत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कलादालनांबद्दल चित्रकला शिक्षक म्हणून थोडं हक्काने लिहिते. दरवर्षी हजारो मुलं एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला बसतात. वस्तुचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन सगळं घोटून घेतो आपण. दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून पालकही उत्साहाने फॉर्म भरतात. आणि यातल्या बहुसंख्य मुलांनी एकाही चित्रकाराचं मूळ चित्र डोळ्यांनी पाहिलेलं नसतं. मोबाइलवर पाहिलेलं चित्र सगळं सपाट आणि एकाच मापाचं दिसतं. मूळ चित्रापुढे उभं राहिलं की रंगाचा थर कुठे जाड आहे, कुठे चाकूने खरवडला आहे, कुठे कॅनव्हासचं विणकाम खालून दिसतंय, हे कळतं. चित्र माणसाएवढं उंच असू शकतं हेही पुष्कळ मुलांना तिथेच पहिल्यांदा कळतं.

काळा घोड्याला जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासून आहे. प्रवेशाला पैसे पडत नाहीत. दर आठवड्याला प्रदर्शनं बदलतात, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे चित्रकार स्वतः तिथे खुर्ची टाकून बसलेला असतो. मुलांना त्याच्याशी बोलू द्या. एकदा आमच्या सातवीतल्या मुलीने एका चित्रकाराला विचारलं, 'काका, हे संपलं हे तुम्हाला कसं कळलं?' ते गृहस्थ खुर्चीतून उठले, मुलीला चित्राजवळ घेऊन गेले आणि एका कोपऱ्यातला निळा रंग दाखवून म्हणाले, की हा लावला आणि मग आणखी काही करायला हात उचलवेना. एवढंच. परत येताना गाडीत मुलं त्याच एका निळ्याबद्दल बोलत होती. गॅलरीच्या बाहेर फुटपाथवरही चित्रं मांडलेली असतात, तीही दाखवा. चित्र काढून पोट भरणारी माणसं असतात, हे मुलांना समोर दिसू दे.

रस्ता ओलांडला की राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय. हाच तो कावसजी जहांगीर हॉल, १९११ सालचा, पूर्वी सभा-समारंभांचा. १९९६ पासून तिथे कलादालन आहे. आत अर्धगोल मजले चढत जातात आणि चढता चढता खालचं चित्र वरून पुन्हा दिसतं. तिथलं प्रदर्शन कुठलं चालू आहे हे बघून मग वर्ग ठरवा. सर ज. जी. कलाशाळा १८५७ ची, तिथून महादेव विश्वनाथ धुरंधर कोल्हापूरहून येऊन शिकले आणि मोठे झाले, वासुदेव गायतोंडे गिरगावातल्या घरातून तिथे गेले आणि १९४८ साली पदविका घेऊन बाहेर पडले. गायतोंड्यांची चित्रं आज कोटीच्या कोटी रुपयांना जातात याची बातमी मुलं ऐकतात. ते गिरगावात वाढले, हे मात्र त्यांना माहीत नसतं. गिरगावातल्या शाळांनी तरी ते सांगावं.

बाकीच्या जागा थोडक्यात. मणिभवन गावदेवीला आहे, १९१७ ते १९३४ या काळात गांधीजी मुंबईत आले की तिथे उतरत. छोट्या वर्गासाठी फार छान. फोर्टात रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं संग्रहालय आहे, गणित आणि इतिहास दोन्हीच्या कामाचं. पेडर रोडला फिल्म्स डिव्हिजनच्या आवारात भारतीय सिनेमाचं राष्ट्रीय संग्रहालय २०१९ पासून सुरू आहे, मोठी मुलं तिथे खूश होतात. आणि सायन-वडाळ्याकडच्या शाळांनी आणिक आगारातलं बेस्टचं संग्रहालय चुकवू नये. मुंबईतली शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला गेली. ती बघितलेले आजी-आजोबा अजून घराघरांत आहेत. सहलीच्या आदल्या दिवशी मुलांना घरी विचारून यायला सांगा.

आता आपल्या अडचणी. मला त्या तोंडपाठ आहेत, कारण आमच्या स्टाफरूममध्येही त्याच निघतात.

'मुलं कंटाळतात.' चार तासांत पंचवीस दालनं दाखवली तर कंटाळतातच. दोन तासांत चार वस्तू दाखवा. प्रत्येक गटाला एक वस्तू वाटून द्या. पहिली दहा मिनिटं नुसतं बघायचं, लिहायचं नाही. मग चित्र काढायचं. मग तीन प्रश्न लिहायचे, ज्यांची उत्तरं पाटीवर नाहीत असे. मोबाइलवर फोटो काढायची परवानगी चित्र पूर्ण झाल्यावरच. आणि पाटीवरची माहिती उतरवून आणायला सांगू नका. माहिती लिहिण्याच्या नादात मुलं वस्तूकडे पाठ करून उभी राहतात. मी हे पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

'आम्हालाच त्यातलं काही कळत नाही.' मग सहलीच्या आधी दोन शिक्षकांनी एक सुट्टी काढून तिथे जाऊन यावं. सगळं कळायची गरज नाही, त्या चार वस्तू कळल्या तरी भागतं. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात मुलांसाठी वेगळं बालसंग्रहालय २०१९ पासून आहे, शैक्षणिक उपक्रम चालतात, आणि २०१५ पासून त्यांची फिरती बसही आहे, जी वस्तू घेऊन शाळांच्या दारात जाते. शाळेच्या लेटरहेडवर आधी पत्र द्या, सवलत विचारा, मराठीतून माहिती सांगणारं कुणी मिळेल का ते विचारा.

'अभ्यासक्रम पुरा होत नाही.' दहावीच्या इतिहासाच्या पुस्तकात ऐतिहासिक ठेव्यांच्या जतनावर पाठ आहे आणि त्यात वस्तुसंग्रहालयं आहेत. आपण तो पाठ टिपा आणि प्रश्नोत्तरांवर उरकतो. ज्या शहरात देशातली इतकी चांगली संग्रहालयं आहेत, त्या शहरातल्या मुलांनी तो पाठ वर्गात बसून पाठ करावा, हे मला पटत नाही.

'जबाबदारी कोण घेणार?' हा प्रश्न खरा आहे आणि मी तो हसण्यावारी नेणार नाही. चाळीस मुलं लोकलने न्यायची तर सकाळी साडेदहानंतर निघा, गर्दी ओसरलेली असते, आणि चारच्या आत परतीची गाडी पकडा. दहा मुलांमागे एक मोठं माणूस हवं, पालकांपैकी दोघं-तिघं आनंदाने येतात. परवानगीचे कागद महिनाभर आधी पाठवा. आत दप्तरं न्यायला बहुतेक ठिकाणी मनाई असते, म्हणून एक वही, एक पेन्सिल आणि खोडरबर एवढंच खिशात. डबा बाहेर खायची जागा आधी बघून ठेवा. पाण्याच्या घसरगुंडीपेक्षा यात धोका नक्कीच कमी आहे आणि खर्चही.

पत्र शाळांना लिहिलं आहे, तरी संग्रहालयं आणि कलादालनं चालवणाऱ्यांपर्यंत ते गेलं तर दोन मागण्या आहेत. चित्र काढायला मुलांना फरशीवर बसू द्या. आणि प्रत्येक दालनात निदान एका वस्तूची मराठी पाटी सहावीतल्या मुलाला वाचता येईल अशा भाषेत आणि त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर लावा. वस्तू कुठल्या गावची, ते गाव आज कुठल्या स्टेशनजवळ आहे, हे त्या पाटीवर आलं तर फारच उत्तम.

मुख्याध्यापक महोदय, दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शिक्षकसभेत हा एक विषय घ्या. इयत्ता ठरवा, एक जागा ठरवा, त्या जागेतल्या चार वस्तू ठरवा. तारीख काढताना भायखळ्याला जायचं असेल तर बुधवार टाळा आणि राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाला जायचं असेल तर सोमवार टाळा, त्या दिवशी ती बंद असतात. पहिल्यांदा जाणाऱ्या शाळेला सोबत लागली, तर आपल्या विभागातल्या कुठल्याही चित्रकला शिक्षकाला सांगा. आमच्यातलं कुणीतरी नक्की येईल.

आपली नम्र,
उपनगरातल्या मराठी शाळेतील एक चित्रकला शिक्षिका